दोर वळणाऱ्याची लेक

ऐतिहासिक प्रणयकथा हाती घेताना नायिकेचे चित्र आपण मनात आधीच रंगवून ठेवलेले असते. ती गढीतली असावी, निदान एखाद्या मानकऱ्याची लेक असावी. झोपडीत वाढलेली असलीच तर शेवटच्या प्रकरणात दंडावरची खूण पटून ती राजकन्या ठरावी. वाचकालाही त्यात समाधान असते. इतकी पाने जिच्यावर जीव लावला ती कोणी ऐरीगैरी नव्हती, असे त्याला वाटते. आयर्लंडच्या जेराल्ड ग्रिफिनने हे समाधान वाचकाला दिले नाही. 'द कॉलेजियन्स' या त्याच्या कादंबरीतली आयली ओ'कॉनर पहिल्या पानांत दोर वळणाऱ्याची मुलगी असते, आणि मरते तीही दोर वळणाऱ्याची मुलगी म्हणूनच. दंडावर खूण नाही, पेटीत ताईत नाही, कोणा उमरावाचे गुपित नाही.

ही कादंबरी १८२९ साली तीन भागांत निघाली. ग्रिफिन तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. कथा घडते ती त्याच्याही काही दशके आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्थळ लिमरिक शहर, शॅनन नदीचा काठ आणि किलार्नीचे डोंगर. नावातले 'कॉलेजियन्स' म्हणजे कॉलेजात एकत्र शिकलेले दोन मित्र, हार्ड्रेस क्रेगन आणि कर्ल डेली. म्हणजे पुस्तकाच्या कपाळावर नाव लागले ते शिकलेल्या दोन तरुणांचे. जिच्यावाचून कथेला अर्थ नाही त्या मुलीचे तिथे नाव नाही. कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारखीला हे चटकन डोळ्यांत भरले, यात नवल नाही.

पुस्तक वाचायला सोपे नाही, हे आधीच सांगते. ग्रिफिनने साध्या माणसांची इंग्रजी त्यांच्या तोंडून निघते तशीच लिहिली आहे. त्या माणसांची मूळ भाषा आयरिश. इंग्रजी त्यांनी अंगावर घेतलेली. तिच्यावर आयरिश हेल चढलेला, स्वर ताणलेले, वाक्ये आपल्याच वळणाने वळलेली. कोश शेजारी ठेवून बसावे तर शब्द कोशात मिळत नाहीत. पण तेच वाक्य मोठ्याने वाचले की काय म्हणायचे आहे ते कानाला कळते. मी घरात अशी मोठ्याने वाचत बसले की मुले हसत. परंतु या पुस्तकाची किल्ली तीच आहे, कारण आयलीचे सारे दैव तिच्या बोलीशी बांधलेले आहे.

ग्रिफिन नायिकेला एकदम पुढे आणत नाही. आधी गाव दाखवतो. गॅरीओवेन म्हणजे ओवेनची बाग. लिमरिकच्या कडेला असलेली वस्ती. एके काळी शहरातली माणसे मोकळ्या हवेला, खाण्यापिण्याला इथे येत. पुढे दंगेखोरांची वर्दळ वाढली आणि जागेची रया गेली. त्या वस्तीत मिहिल ओ'कॉनर या म्हाताऱ्याचा दोर वळण्याचा धंदा. बायको गेलेली, पदरात एकुलती एक मुलगी. ती देखणी आहे हे ग्रिफिन सांगतो. पण देखणेपणाहून महत्त्वाची गोष्ट तो जाता जाता सांगतो. आयलीचा चुलता, फादर एडवर्ड, हा पाद्री. तो शिकला स्पेनमधल्या सालामांका येथे. इतक्या दूर का, असे कोणी विचारील. त्या काळात आयर्लंडमधल्या कॅथलिकांवर कायद्यांचे जे जोखड होते, त्यात त्यांच्या शाळांवरही बंदी होती, म्हणून धर्मगुरू व्हायचे तर समुद्र ओलांडावा लागे. असा हा शिकून आलेला चुलता काही काळ भावाच्या घरी राहिला आणि फावल्या वेळात त्याने पुतणीला शिकवले. तिचे वाचन सुधारले, बोलणे सुधारले, वागण्यात एक मार्दव आले. वस्तीतल्या इतर मुलींत ती उठून दिसू लागली.

चुलत्याने प्रेमाने केलेल्या या कामातून पुढचा सारा अनर्थ निघतो. ग्रिफिन तसे कुठे स्पष्ट म्हणत नाही, पण कथेचे सूत नीट उलगडून पाहिले तर पहिला पीळ इथेच सापडतो. हार्ड्रेस क्रेगन हा जमीनदाराचा बुजरा, मानी, क्षणात पेटणारा मुलगा. दंगेखोरांच्या तावडीतून बापलेकींना सोडवताना तो आयलीला प्रथम पाहतो. अशा वस्तीत अशी मुलगी! त्याला जी भूल पडते ती नुसत्या रूपाची नव्हे. जिथे अपेक्षा नव्हती तिथे त्याला नाजूकपणा दिसला, याची ती भूल आहे. माळावर एखादे बागेतले फूल दिसावे तसे. पुढे तिच्याशी तो गुपचूप लग्न करतो, आणि एके दिवशी आयली बापाच्या घरातून नाहीशी होते.

इथून पुढे बरीच पाने ती आपल्याला धड भेटतच नाही. तिच्याविषयी दुसरेच बोलतात. लौरी लूबी हा डेलींच्या घरचा गडी, अघळपघळ बोलणारा, मोठा गमतीचा. त्याचाही तिच्यावर जीव होता. म्हाताऱ्या मिहिलची काय दशा झाली ते तो सांगतो आणि हसवता हसवता आपला घसा दाटवतो. मग शॅननच्या पात्रात वादळ उठते, एक नाव लाटांवर हेलकावताना दिसते, आणि तीत झग्यात गुरफटलेली एक मुलगी. चेहरा दिसत नाही. काठावरची माणसे तर्क करतात. आपण ओळखतो, ती ओळखत नाहीत. कादंबरी लिहिणाऱ्याला या युक्तीची किंमत कळते. नायिकेला झाकून ठेवल्याने तिची ओढ वाढते, हे झालेच. पण इथे झाकण्याला दुसराही अर्थ आहे. लग्न झाल्या दिवसापासून आयली झाकून ठेवण्याचीच वस्तू झालेली आहे. लेखक तिला जसा लपवतो, तसाच तिचा नवराही.

तिची खरी ओळख होते ती किलार्नीच्या डोंगरातल्या खोपटात. हार्ड्रेसच्या नोकराच्या, डॅनी मॅनच्या, बहिणीचे ते घर. ही बहीण मोठी भांडकुदळ. परिसरात तिचे नावच लढाऊ पॉल असे पडलेले. अशा घरात नवी नवरी वाट पाहत बसते. नवरा येतो, जातो. आपल्या आईला सांगतो म्हणतो, सांगत नाही. आई तर त्याचे लग्न श्रीमंत, शिकलेल्या ॲन च्यूटशी ठरवण्याच्या मागे आहे. ॲन वाईट बाई नाही, हे ग्रिफिनचे शहाणपण. ती हुशार आहे, मनाने मोठी आहे, दिवाणखान्यात कसे बोलावे, कसे बसावे हे तिला जन्मापासून येते. तिच्या सहवासातून उठून हार्ड्रेस खोपटाकडे येतो आणि आता त्याला आयलीच्या तोंडचा हेल ऐकू येऊ लागतो.

तो हेल काल नव्हता काय? होताच. आयलीत काहीच बदललेले नाही. बदलले आहे ते मापाचे भांडे. गॅरीओवेनच्या मापाने मोजताना ती काठोकाठ भरत होती. च्यूटांच्या वाड्यातले भांडे आणले तर ती उणी पडू लागली. चुलत्याने तिला शेजारणींपेक्षा वर नेले होते ते चार पायऱ्या. हार्ड्रेसला खालून पाहताना त्या पुष्कळ वाटल्या, वरून पाहताना त्या संपलेल्या दिसल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. दोर वळणाऱ्याच्या लेकीच्या बोलण्यातला बापाच्या घरचा पीळ जाणार कसा, आणि जावा तरी का? पण ज्या माणसाने एकदा तिच्या बोलण्यावर भाळून लग्न केले, त्याच माणसाला आता तेच बोलणे लाज आणते, आणि ही लाज आयलीला कळते. कादंबरीतला सर्वांत जीवघेणा भाग मला हा वाटतो. पुढे येणारा खून त्याच्यापुढे फिका आहे.

आम्ही शिक्षक मंडळी फादर एडवर्डचे काम रोजच करतो. पोर 'व्हतं' म्हणाले की आम्ही 'होतं' म्हणायला लावतो, 'न्हाई'चे 'नाही' करतो. त्याखेरीज त्याला पुढच्या दारातून कोणी आत घेणार नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक असते. परंतु 'होतं' म्हणू लागलेल्या मुलीचे घरी काय होते आणि नव्या दारात तिला काय म्हणतात, याची नोंद हजेरीपटात नसते. ग्रिफिनने ती नोंद ठेवली. आयली एकदा खोपटातून निघून डोंगर ओलांडते आणि चुलत्याच्या घरी जाते. ज्याने शिकवले त्याच्याकडेच तिचे मन धाव घेते. तरी लग्नाचे गुपित तिच्या ओठांवर येत नाही, कारण शब्द दिलेला आहे. दोघे समोरासमोर बसलेली असतात. एकाला काहीच ठाऊक नाही, दुसरीला सांगता येत नाही. ग्रिफिनची भाषा इतरत्र पुष्कळदा फुगते; त्याच्या काळचा तो रिवाज होता. या प्रसंगात ती अगदी उतरून जमिनीवर येते.

आयलीबरोबर डॅनी मॅनकडेही पाहायला हवे, नाहीतर तिची ओळख अपुरी राहते. डॅनी कुबडा आहे. लहानपणी हार्ड्रेसनेच त्याला रागाच्या भरात ढकलले, त्यातून त्याला हे कुबड आले. त्यावर हार्ड्रेसला खरोखर पश्चात्ताप झाला. त्याने डॅनीची काळजी घेतली, आणि डॅनी त्याचा जन्माचा दास झाला. म्हणजे हार्ड्रेसच्या मायेची रीतच अशी: आधी मोडायचे, मग कळवळायचे. डॅनी त्या मायेवर जगला. आयली त्याच मायेवर जगायला निघाली होती. दोघेही गरिबाघरची, दोघांनीही मालकाच्या मनातले ओळखण्यात आयुष्य घातलेले. त्यांतल्या एकाच्या हातून दुसऱ्याचा जीव जावा, ही कल्पना नुसत्या रहस्यकथेला सुचली नसती.

हातमोज्याचा प्रसंग तर वाचकाने विसरूच नये. आयलीचा अडथळा कायमचा दूर करण्याचे डॅनी सुचवतो, तेव्हा हार्ड्रेस त्याच्या अंगावर धावून जातो. डॅनी म्हणतो, पुढे कधी मन बदलले तर बोलू नका, नुसता हातातला हातमोजा काढून द्या. काही दिवस जातात. आईचा रेटा, ॲनची ओढ, दारू, डोक्यात उठलेले काहूर. आणि हार्ड्रेस डॅनीला सांगतो की तिला अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर बसवून दे, केसालाही धक्का लावू नकोस. तोंडाने हे सांगतो आणि हाताने हातमोजा काढून देतो. डॅनी कोणावर विश्वास ठेवील? जन्मभर त्याने मालकाचा चेहरा वाचला, शब्द नव्हेत. ज्या घराला आयलीचे बोलणे खपत नव्हते, त्या घरातून तिच्या मरणाचा हुकूम निघतो तो न बोलता.

खून पानावर घडत नाही. आयली डॅनीबरोबर निघते, आणि मग कितीतरी पुढे, लग्नघरच्या पाहुण्यांची शिकार चालू असताना नदीकाठच्या दलदलीत कुत्र्यांना प्रेत सापडते. इथवर ग्रिफिनचा हात धरून आलेली मी इथे त्याच्याशी भांडते. उरलेली कादंबरी हार्ड्रेसची आहे. त्याची झोप, त्याचे दचकणे, त्याची आई, त्याची अटक, हद्दपारी आणि जहाजावरचे मरण. हे सारे जोरकस लिहिले आहे, वाचताना पुस्तक खाली ठेवत नाही. पण आयली त्यात फक्त निमित्तमात्र उरते. तिचे दुःख संपले, आता ज्याने ते दिले त्याचे दुःख पाहा, असेच जणू लेखक सांगतो. म्हाताऱ्या बापाला, जो त्या सबंध पुस्तकात काहीही चुकलेला नाही, त्याला या मानाने केवढी पाने मिळाली?

पुढे ग्रिफिनच्या भावाने त्याचे चरित्र लिहिले. त्यात एक आठवण आहे: आपला सज्जन कर्ल डेली कोणालाच आवडत नाही आणि दुर्वर्तनी हार्ड्रेस मात्र सगळ्यांना मोहवतो, याची ग्रिफिनला खंत वाटे. खंत योग्यच होती, परंतु त्या खंतीतही आयली कुठे नाही. दोन कॉलेजियनांत वाचकाची सहानुभूती कोणी पळवली, एवढाच प्रश्न. मला वाटते, कादंबरीला नाव देतानाच हे ठरून गेले होते.

या लेखकाचे पुढचे आयुष्य चमत्कारिक आहे. लंडनला जाऊन नाव मिळवण्यासाठी त्याने हालअपेष्टा काढल्या. नाव मिळाले, आणि मग त्याचे मन उडाले. १८३८ साली त्याने आपली हस्तलिखिते जाळली आणि गरीब मुलांना शिकवणाऱ्या ख्रिश्चन ब्रदर्स या पंथात तो दाखल झाला. कॉर्कच्या शाळेत मुलांना धडे देत असतानाच १८४० मध्ये तापाने तो वारला. वय अवघे छत्तीस. जाळपोळीचा भाग मला पटत नाही. शाळेत जाऊनही लिहिता येते. वह्या तपासून झाल्यावर रात्र उरते.

ग्रिफिन गेल्यावर वीस वर्षांनी आयलीला दुसरा जन्म मिळाला. आयरिश नाटककार डायन बूसिको याने याच कथेवर 'द कॉलीन बॉन' हे नाटक रचले आणि १८६० च्या मार्चमध्ये ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणले. कॉलीन बॉन म्हणजे गोरी पोर. हे लाडके नाव आयलीचेच, म्हणजे आता तरी तिचे नाव पाटीवर लागले. त्याच्या बायकोने आयलीचे काम केले आणि स्वतः बूसिको झाला माइल्स, डोंगरातला तट्टूवाला, आयलीवर मुकाट्याने प्रेम करणारा. डॅनी आयलीला पाण्यात लोटतो आणि माइल्स कड्यावरून उडी टाकून तिला वाचवतो. ही उडी पाहायला लोक लोटले. लंडनला प्रयोगांमागून प्रयोग झाले. व्हिक्टोरिया राणी तीनदा येऊन गेली म्हणतात तेव्हा बाकीच्यांचे काय सांगावे. पुढे १८६२ मध्ये त्याचे संगीत नाटक झाले आणि १९११ मध्ये किलार्नीला जाऊन मूकपट घेतला गेला.

नाटकातली आयली गोड आहे, चटपटीत आहे, तिच्या तोंडी विनोदही आहे. नवऱ्यासाठी आपण आपले गावंढळ बोलणे टाकून देत आहोत हे ती कौतुकाने सांगते आणि प्रेक्षक हसतो. शेवटी ती जिवंत परत येते, सासू तिला पदरात घेते, पडदा पडतो. दिवाळीच्या दिवसांत कोणाला हे आवडणार नाही? मलाही आवडते. पण कादंबरीतल्या खोपटात जे ऐकू आले होते ते इथे ऐकू येत नाही. बूसिकोने तिला पाण्यातून वर काढले, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी सासूच्या टेबलावर ती काय बोलणार आणि हार्ड्रेस कोणीकडे पाहणार, हा प्रश्न त्याने पाण्यातच राहू दिला. ग्रिफिनची आयली मरते खरी. पण मरण्यापूर्वी तिने तो प्रश्न अंगावर घेऊन कित्येक दिवस काढलेले असतात, आणि ते दिवस आपण तिच्याबरोबर काढतो.

या दोन्ही आयलींच्या मागे एक खरी मुलगी आहे. तिचे नाव एलन हॅन्ली. लिमरिक परगण्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, आई लहानपणी गेलेली, मामाच्या घरी वाढलेली. १८१९ च्या उन्हाळ्यात जॉन स्कॅन्लन या खानदानी तरुणाने तिला पळवून नेऊन तिच्याशी लग्न केले, आणि थोड्याच आठवड्यांत त्याच्या नोकराने, स्टीफन सलिव्हनने, शॅननच्या पात्रात तिला ठार केले. सप्टेंबरात प्रेत पलीकडच्या क्लेअरच्या किनाऱ्याला लागले. एलन तेव्हा पंधरा वर्षांची होती. जेराल्ड ग्रिफिन त्याच लिमरिकमधला, साधारण तिच्याच वयाचा. स्कॅन्लनच्या बाजूने डॅनियल ओ'कॉनेल उभा राहिला, आयर्लंडचा सर्वांत मोठा वकील आणि पुढे सर्वांत मोठा पुढारी. तरीही १८२० च्या मार्चमध्ये स्कॅन्लन फासावर गेला आणि जुलैत सलिव्हन. म्हणजे कादंबरीत समुद्रावर शांतपणे मरणारा हार्ड्रेस हा ग्रिफिनचा कनवाळूपणा आहे. लिमरिकच्या न्यायालयाने तसा कनवाळूपणा दाखवला नव्हता. गोष्ट काही दशके मागे नेण्याचे कारणही मला यातच दिसते. दहा वर्षांपूर्वीचा घाव. दोन्ही घरची माणसे हयात असणार.

किनाऱ्याला लागलेल्या त्या मुलीला पुरायला जागा दिली ती पीटर ओ'कॉनेल नावाच्या एका शाळामास्तराने. बुरेनच्या दफनभूमीत त्याच्या घराण्याची जागा होती, तीत त्याने तिला ठेवून घेतले. वकील ओ'कॉनेलचे नाव इतिहासात आहे. या मास्तराचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. त्याने आयुष्यातली कितीतरी वर्षे आयरिश भाषेचा कोश रचण्यात घालवली. खेड्यापाड्यांत हिंडून, जुन्या पोथ्या धुंडाळून त्याने ते शब्द जमवले. छापलेले पाहणे काही त्याच्या नशिबी नव्हते. १८२६ मध्ये तो गेला आणि त्याच जागेत विसावला.

पुढे कादंबरी गाजली, नाटक गाजले, आणि कॉलीन बॉनची कबर पाहायला प्रवासी येऊ लागले. आठवण म्हणून जो तो थडग्याच्या दगडाचा एकेक कपचा फोडून नेई. असे करता करता तो दगड संपला.